ताटातलं नाव

काही घरांत लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत होती. अजूनही कुठे कुठे आहे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, आणि कालची सुमन आजपासून वैशाली. तांदूळ पुन्हा डब्यात जातात, नाव जन्मभर राहतं. नवऱ्याचं नाव बदलायला मात्र कुणी ताट मागवल्याचं ऐकिवात नाही.

बँकांची विलीनीकरणं पाहताना मला दर वेळी हे ताट आठवतं. १ मे २०२५ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक एक झाल्या. नाव राहिलं महाराष्ट्र ग्रामीण बँक, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणामुळे त्या दिवशी देशातल्या ग्रामीण बँकांची संख्या ४३ वरून २८ वर आली. भांडवल, तंत्रज्ञान, खर्च यांचं त्यामागचं गणित चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण नागपूरच्या मुख्य कार्यालयात वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला ३० एप्रिलच्या रात्री भांडवलाचं गणित सतावत नसतं. ज्येष्ठता यादीत मी कुठे? बदली कुठे? आणि उद्यापासून माझा साहेब कोण? त्याची झोप उडवायला हे तीन प्रश्न पुरतात.

यातला पहिला प्रश्न सर्वांत अवघड. एका बँकेत बढत्या भराभर झालेल्या असतात, दुसरीत रखडलेल्या. एकाच वर्षी नोकरीला लागलेले दोघे; एक कधीच स्केल थ्री झालेला, दुसरा अजून स्केल टू. आता दोघांची नावं एका यादीत लावायची. कुणाच्या तरी आयुष्याची तीन-चार वर्षं त्या यादीत खाली सरकणार.

भागधारकाची मात्र अशी अडचण होत नाही. देना आणि विजया या बँका १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, तेव्हा विजयाच्या १,००० शेअरना बडोद्याचे ४०२ आणि देनाच्या १,००० शेअरना ११० हे प्रमाण आधीच जाहीर झालं होतं. पाटी बदलण्यापूर्वी त्याला आपली जागा शेअरच्या हिशोबात कळली होती. काउंटरवरच्या माणसाची जागा अशी आकड्यात सांगता येत नाही, म्हणून ती बहुधा सांगितलीच जात नाही.

कागदावर हे विलीनीकरण एका दिवसात झालं. देना-विजयाच्या ३,८९८ शाखा बडोद्याच्या संगणक प्रणालीत पूर्णपणे यायला डिसेंबर २०२० उजाडला. म्हणजे वीस महिने. त्या काळात दारावर एका बँकेची पाटी आणि आत पडद्यावर दुसरीच बँक. खातेदार विचारायचा, ‘माझं खातं नक्की कुठं आहे?’ उत्तर द्यायला समोर तोच कारकून, ज्याला स्वतःबद्दल हाच प्रश्न पडलेला.

या काळात एक अक्षर जन्माला आलं. परिपत्रकांत ‘ई-विजया’, ‘ई-देना’ असं छापून येऊ लागलं. हा ‘ई’ इलेक्ट्रॉनिकचा नव्हे, ‘अर्स्टव्हाइल’चा, म्हणजे पूर्वाश्रमीची. आधी तो शाखांना लागला, मग फायलींना, आणि बघता बघता माणसांना. ‘तो ई-देनाचा आहे’ हे वाक्य चहाच्या टेबलावर सहज येतं. आपल्याकडे ‘पूर्वाश्रमीच्या अमुक’ असं बाईच्या निधनवार्तेत कंसात छापतात. इथे ते चालत्याबोलत्या, पगारपत्रकावरच्या माणसाबद्दल म्हटलं जातं.

मी स्वतः काही वर्षं एका बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवायला होतो. मोठ्या बँकेचा, अर्थातच. धाकट्या बँकेतून आलेल्यांची एक तुकडी समोर होती आणि मी नव्या प्रणालीच्या स्लाइड दाखवत होतो. मागच्या रांगेतून एका हेड कॅशियर बाईंनी विचारलं, ‘सर, आमच्या शाखेत मुदतीची एक वही असते. ठेवीची मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी आम्ही ठेवीदाराला फोन करतो. इथे ते कोण करणार?’ मी हसून म्हटलं, ‘मॅडम, आता एसएमएस आपोआप जातो.’ त्या म्हणाल्या, ‘आमचे पेन्शनर एसएमएस वाचत नाहीत, सर.’ वर्गात हशा पिकला आणि मी पुढच्या स्लाइडवर गेलो.

वर्षभरानं त्या शाखेत जायचा योग आला. बऱ्याच ठेवी समोरच्या पतसंस्थेत गेल्या होत्या. तिथला मुलगा घरी फोन करायचा.

काम करणाऱ्याला विचारण्यानं काय फरक पडतो, ते एका जुन्या प्रयोगात दिसलं आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मॅरियन या गावी पायजमे शिवणारा हारवूड नावाचा कारखाना होता. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथला प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध केला. कामाची पद्धत थोडीशीच बदलायची होती. एका गटाला बदल नुसता सांगितला. त्यांचं उत्पादन घसरलं आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. दुसऱ्या काही गटांत सगळ्या कामगारांना बरोबर घेऊन नवी पद्धत आखली. तिथून कुणी गेलं नाही आणि उत्पादन पूर्वीपेक्षा वर चढलं. बदल तोच होता, पायजमे तेच होते.

आपल्यालाही हे ठाऊक नव्हतं असं नाही. बँकांत यंत्रं यायची होती तेव्हा १९८३ साली व्यवस्थापनं आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला, १९९३ साली पुढचा. कुठली यंत्रं, किती, त्यांवर काम करणाऱ्याला कोणता विशेष भत्ता, असल्या गोष्टींवर घासाघीस होऊन त्या लिहून ठेवल्या गेल्या. त्यापायी संगणक उशिरा आले, ही टीका खरी आहे. पण लेजरात खतावणी करणारा कारकूनच पुढे कीबोर्डवर बसला, हेही तितकंच खरं.

विलीनीकरणातही कर्मचाऱ्यांना विचारा म्हटलं, की उत्तर ठरलेलं असतं: ‘विलीनीकरण दिल्लीत ठरतं, शाखेला काय विचारणार?’ विलीनीकरण करायचं की नाही हे विचारू नकाच. ते विचारल्याचं नाटक तर मुळीच नको. निर्णयानंतर टांगलेली सूचनापेटी कुणालाही ओळखता येते. पण ते कसं करायचं, यातल्या शंभर गोष्टी शाखेलाच माहीत असतात. कोणता फॉर्म खातेदाराला कळतो, कोणती वही खरंच लागते, बाजाराच्या दिवशी किती खिडक्या उघडाव्या लागतात.

म्हणून माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. ज्येष्ठतेचा नियम पाटी बदलण्याआधी लेखी जाहीर करा. तो कटू असला तरी चालेल; माणूस कटू नियमाशी जुळवून घेतो, अफवेशी नाही. आणि मोठ्या बँकेनं धाकटीची किमान एक पद्धत उचलावी, सगळ्या शाखांना लागू करावी आणि परिपत्रकात तिचं नाव घ्यावं: ही पद्धत अमुक बँकेची. ‘ई’ न लावता. ताटातल्या तांदळात एकदा तरी नवऱ्याकडच्यांचंही काही बदलू द्या. मोठ्या बँकेची एकही गोष्ट बदलली नसेल, तर त्याला विलीनीकरण म्हणू नये. सरळ ताबा घेतला म्हणावं.

त्या दिवशीच्या वर्गाचा अहवाल मीच लिहिला होता. त्यात एक ओळ आहे: ‘सहभागींकडून किरकोळ विरोध.’ विरोध कुणीच केला नव्हता. एक बाई आपलं काम समजावून सांगत होत्या.