पात्र की नोंद? : भूमिकाखेळातील इतरेजन आणि संगणकीय साधने

१

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांविषयी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम या नावाने परिचित असलेल्या प्रकाराविषयी, अलीकडे एक समजूत जवळजवळ निर्विवाद मानली जाऊ लागली आहे. या खेळात प्रत्येक खेळाडूकडे बहुधा एकेक पात्र असते. उरलेल्या सगळ्या जगाची, त्यातील सराईवाल्यांची, पहारेकऱ्यांची, राजांची आणि भिकाऱ्यांची जबाबदारी एकट्या गेममास्टरवर असते. त्याला सूत्रधार म्हणणे सोयीचे होईल. एवढी माणसे एका डोक्यात मावत नाहीत. तेव्हा त्यांची नावे, स्वभाव, नातीगोती, बळ आणि गुपिते संगणकाच्या हवाली करावीत व सूत्रधाराने मोकळ्या मनाने कथा सांगावी, अशी ही समजूत आहे. वरवर पाहता तीत आक्षेपार्ह काही दिसत नाही. कारकुनी काम यंत्राने करावे आणि सर्जनाचे माणसाने, ही विभागणी कोणाला अमान्य होईल? पण या विभागणीतच एक साहित्यशास्त्रीय प्रमाद दडलेला आहे. पात्राविषयीची माहिती म्हणजेच पात्र, आणि ती माहिती सांभाळणे हे केवळ कारकुनी काम, ही दोन गृहीतके येथे तपासल्याविना स्वीकारली गेली आहेत. दोन्ही चुकीची आहेत. आणि त्यांचे परिणाम एका छंदापुरते मर्यादित नाहीत.

२

सूत्रधाराकडे असणाऱ्या पात्राला 'नॉन-प्लेअर कॅरेक्टर' म्हणतात. ही संज्ञा नकारातून घडलेली आहे. जे खेळाडूचे नाही ते, एवढीच तिची व्याख्या. ही वर्गवारी निसर्गदत्त नाही, हे या खेळाच्या पूर्वेतिहासावरून स्पष्ट होते. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनस्टाइन' हा युद्धखेळ मांडला. नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक जर्मन गावात तो घडतो. गावचा महापौर, पेढीवाला, विद्यापीठाचा कुलगुरू अशा भूमिका वेस्ली यांनी वेगवेगळ्या खेळाडूंना वाटून दिल्या. पुढे जी माणसे सूत्रधाराच्या खात्यात जमा झाली, ती तेथे प्रत्येकी एका जिवंत खेळाडूची होती. तिला तिचा हेतू होता आणि तो हेतू दुसऱ्याला आधी ठाऊक नव्हता. याच वर्तुळातील डेव्ह आर्नेसन यांनी 'ब्लॅकमूर' उभे केले, आणि आर्नेसन व गॅरी गायगॅक्स यांच्या नावावर १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. साहसी मंडळी एका बाजूला आणि उरलेले जग सूत्रधाराच्या बाजूला, ही मांडणी त्यानंतर रूढ झाली.

तरीही १९७४ च्या त्या नियमांत इतरेजनांच्या अन्यत्वाची एक खूण शिल्लक राहिली. एखाद्या परक्याला चाकरीत घेण्याचा प्रस्ताव मांडला, तर तो काय करील हे सूत्रधाराने ठरवायचे नसून दोन फाशांनी ठरवायचे होते. बेरीज अगदी कमी आली तर समोरचा अंगावर येईल, अगदी जास्त आली तर आनंदाने सामील होईल, आणि मधल्या आकड्यांना अनिश्चितता. या तरतुदीचे मर्म असे की फासा भेटीच्या क्षणी पडतो. त्या क्षणापर्यंत समोरचा माणूस कोण आहे हे सूत्रधारालाही ठाऊक नसते. तो पात्राचा निर्माता असतो, त्याचबरोबर त्याचा पहिला वाचकही असतो.

याउलट माहितीकरणाची प्रवृत्तीही तितकीच जुनी आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१४ मध्ये निघालेल्या याच खेळाच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये, म्हणजे राक्षसांच्या ग्रंथात, 'सामान्य माणूस' परिशिष्टात येतो : कवचांक १०, प्राणांक ४. शेतकरी, हमाल, मोलकरीण, सगळ्यांना हेच दोन आकडे. राक्षसांच्या कोशात सामान्य माणसाला परिशिष्टापुरती जागा मिळावी, यातील उपरोध कोणी हेतुतः योजला नसेल. पण संगणकीय साधनांनी जे पुढे नेले त्याचे बीज येथे आहे.

३

२००४ मध्ये 'फँटसी ग्राउंड्स', २०१२ मध्ये 'रोल-ट्वेंटी', २०१७ मध्ये 'डी अँड डी बियाँड', २०२० मध्ये 'फाउंड्री' अशी ही साधने एकामागून एक आली. नकाशा, सोंगट्या, फासे आणि पात्रांच्या नोंदी त्यांनी पडद्यावर आणल्या. त्यांतील पात्राची घडण पाहण्यासारखी आहे. यादीतील एका नोंदीवरून सोंगटी ओढून नकाशावर ठेवली की पहारेकरी उभा राहतो. तीच क्रिया पाच वेळा केली की पाच पहारेकरी उभे राहतात. पाचही एकाच नोंदीच्या प्रती असतात. कोणाला जखम झाली ते प्रत्येकाच्या प्राणांकांत वेगळे नोंदले जाते. कोणाशी कोण काय बोलले, हे मात्र कोणी हाताने लिहिल्याखेरीज कोठेही राहत नाही. साधनाच्या लेखी घाव ही घटना आहे, बोलणे ही घटना नाही.

महत्त्वाच्या पात्रांसाठी अधिक रकाने असतात : व्यवसाय, रूप, लकब, आदर्श, ऋणानुबंध, आणि 'दोष अथवा गुपित'. हा शेवटचा रकाना २०१४ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मधील पात्रनिर्मितीच्या सूचनांतही आढळतो. रकाना आहे म्हणजे तो भरला पाहिजे. अशा तऱ्हेने गावातील प्रत्येक माणसाला एकेक गुपित प्राप्त होते. अॅलेक्स वोलॉक यांनी २००३ च्या 'द वन व्हर्सस द मेनी' या ग्रंथात दाखवून दिले आहे की कादंबरीतील अवधान मर्यादित असते आणि गौण पात्राचे गौणत्व हे त्या अवधानाच्या वाटपातून घडते. भूमिकाखेळात हे वाटप आधी झालेले नसते. एखाद्या खेळाडूने सहज विचारलेल्या प्रश्नाने नाक्यावरचा जकातदार कथेच्या केंद्रस्थानी येऊ शकतो, आणि महिनाभर खपून रचलेला खलनायक दुर्लक्षित राहू शकतो. भरलेल्या रकान्यांना मात्र आपले श्रम वसूल व्हावेसे वाटतात. जे लिहिले आहे ते सांगण्याची घाई सूत्रधाराला होते आणि प्रश्न विचारण्याआधीच उत्तर हजर असते.

येथे साधनांच्या समर्थकाला एक भक्कम सैद्धांतिक आधार उपलब्ध आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'एस/झेड' (१९७०) या ग्रंथात रोलाँ बार्त यांनी पात्राचे विश्लेषण एका विशेषनामाभोवती गोळा होणारा अर्थघटकांचा पुंज असे केले आहे. पात्र म्हणजे कोणी मानवी जीव नव्हे, हे संरचनावादाने एकदा सिद्ध केल्यावर नाव आणि गुणधर्म यांची सारणी मांडण्यात गैर काय? संगणक फक्त तेच प्रामाणिकपणे करतो, असा हा युक्तिवाद होईल.

या युक्तिवादात विश्लेषणाचा निष्कर्ष आणि निर्मितीचा आराखडा यांची गल्लत झालेली आहे. बार्त यांचे अर्थघटक वाचनाच्या ओघात, क्रमाने, काळात गोळा होतात. नाव हे त्यांना ओढून घेते, आणि पुढचा घटक मागच्याचा अर्थ बदलून टाकतो. वाचून झाल्यावर त्यांची यादी करता येते. पण त्या यादीपासून वाचन सुरू होत नाही. शवविच्छेदनाचा अहवाल कितीही अचूक असला तरी तो जन्माची कृती ठरत नाही. भूमिकाखेळात तर हा कालक्रम अधिकच निर्णायक आहे, कारण तेथे अर्थघटक एकटा सूत्रधार पुरवीत नाही. खेळाडू जकातदाराला विचारतो, "घरी कोण आजारी आहे का?" सूत्रधार क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "मुलगी." त्या क्षणापासून जकातदार बाप आहे. हे बापपण प्रश्न विचारणाऱ्याने निम्मे घडवले आहे. मराठीत 'पात्र' या शब्दाचा मूळ अर्थ भांडे असा आहे, आणि तो येथे शब्दशः लागू पडतो : टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी थोडेथोडे ओतावे यासाठी ते रिकामे असावे लागते.

४

दोन आक्षेपांचा विचार येथे अवश्य केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की पात्रांचे यांत्रिकीकरण संगणकाच्या आधीचे आहे. १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्स यांनी इतरेजनांचे स्वभाव फासे टाकून ठरवण्याची कोष्टके दिली होतीच. हे खरे आहे. परंतु कोष्टकातून निघणारी दोन-तीन विशेषणे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि हीच त्यांची गुणवत्ता आहे. 'लोभी' आणि 'आनंदी' असे दोन शब्द हाती आले की ते एकाच माणसात कसे नांदतात हे कोणीतरी बोलून दाखवावे लागते. कोष्टक प्रश्न देते. आजची स्वयंचलित साधने सुसंगत चरित्र देतात. त्यात विसंगती आधीच मिटवलेली असते. ते वाचून दाखवण्यापलीकडे सूत्रधाराला काम उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्मृती दगा देते. सहा महिन्यांनी जकातदाराचे नाव बदलले, त्याची मुलगी मुलगा झाली, तर खेळाडूंचा त्या जगावरील विश्वास उडतो, आणि तो उडणे रास्तच आहे. दिलेला शब्द विसरणारे जग हे अन्याय करणारे जग असते. शिवाय दूरदूर राहणाऱ्यांना, घराबाहेर पडणे कठीण असणाऱ्यांना, आणि २०२० च्या महासाथीत तर सगळ्यांनाच, या साधनांनी एकत्र बसवले. त्यांचे हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

पण या आक्षेपातून निष्पन्न काय होते? एवढेच की जे बोलले गेले त्याची नोंद हवी. जे अद्याप बोलले गेलेले नाही त्याची नोंद हवी, असे त्यातून निष्पन्न होत नाही. पश्चात्लिखित नोंद ही टेबलाची सामाईक संहिता असते. पूर्वलिखित नोंद ही सूत्रधाराची खासगी मालमत्ता असते. पहिली सर्वांना वाचता आली पाहिजे, कारण ती सर्वांनी रचली आहे. प्रत्यक्षात बहुतेक साधनांत इतरेजनांची नोंद खास परवानगी दिल्याखेरीज सूत्रधारापुरतीच उघडी राहते. स्मृतीचे रक्षण करण्याच्या नावाखाली तिची वाटणी बंद केली जाते, आणि ही स्मृती ज्या जागेत साठते ती जागाही पुष्कळदा भाड्याची असते. 'डी अँड डी बियाँड' २०२२ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी-उद्योगाने विकत घेतले. वहीच्या बाबतीत असा व्यवहार संभवत नव्हता.

५

हा वाद सोयीपुरता राहिला असता तर एवढ्या विस्ताराची गरज नव्हती. २०१९ मध्ये 'एआय डंजन' आणि २०२२ च्या नोव्हेंबरात 'चॅटजीपीटी' आल्यापासून मात्र नोंद बोलू लागली आहे. आता पात्राचे गुणधर्म यंत्राला पुरवले की संवादही यंत्रच देते. समर्थक याला साधनांचे परिपूर्ण रूप मानतात. वस्तुतः पहिल्या दिवसापासून जे गृहीतक आत होते तेच येथे उघडे पडले आहे : पात्र ही माहिती असेल, तर तिच्यातून बोलणे काढण्यासाठी माणसाची आवश्यकता नाही.

समाजशास्त्रज्ञ गॅरी अॅलन फाइन यांनी १९८३ च्या 'शेअर्ड फँटसी'मध्ये या खेळातील सहभागी तीन पातळ्यांवर एकाच वेळी वावरतो असे निरीक्षण मांडले होते : माणूस म्हणून, खेळाडू म्हणून आणि पात्र म्हणून. सूत्रधाराच्या मुखातून इतरेजन बोलतो तेव्हाही या तिन्ही पातळ्या शाबूत असतात. जकातदार एखाद्या खेळाडूच्या पात्राला टाकून बोलला, आणि ते बोलणे खेळाडूतल्या माणसाला लागले, तर तो मान वर करून सूत्रधाराकडे पाहू शकतो. त्या नजरेला उत्तर द्यावे लागते. मिखाईल बाख्तिन यांनी १९१९ मधील आपल्या अगदी आरंभीच्या लेखात कला आणि उत्तरदायित्व यांची जी सांगड घातली, तिचे याहून साधे उदाहरण मिळणे कठीण आहे. दुसऱ्याचा आवाज उसना घेणाऱ्याने त्या आवाजाचा जामीन व्हावे लागते. यंत्राने लिहिलेले वाक्य वाचून दाखवणारा सूत्रधार मात्र म्हणू शकतो, "हे मी म्हटलेले नाही." असे म्हणण्याची मुभा मिळणे, हीच या साधनांची सर्वांत मोठी आणि सर्वांत घातक सोय आहे.

प्रश्न सूत्रधाराने जकातदाराचे बोलणे यंत्राइतके सफाईदार केले की नाही, हा नाही. ते बहुधा तितके सफाईदार नसतेच. तो अडखळतो, चुकतो, मागचे विसरतो, टेबलावरच्या कोणीतरी त्याला दुरुस्त करावे लागते. या अडखळण्यातच इतरेजनाचे अस्तित्व आहे, कारण तेवढ्या वेळात एक माणूस दुसऱ्या माणसाच्या वतीने काय बोलणे उचित होईल याचा विचार करीत असतो. साहित्यातील पात्रकल्पनेचा पायाही यापेक्षा निराळा नाही. तेव्हा जो अभ्यासक या खेळांना पोरखेळ समजून बाजूला सारील, त्याने हे लक्षात ठेवावे की पात्र ही नोंद आहे असे येथे मान्य झाले, तर उद्या कादंबरीच्या बाबतीत ते अमान्य करण्यासाठी त्याच्यापाशी युक्तिवाद उरणार नाही. नोंद झालेल्या गोष्टींची राहावी. पात्राला मात्र विचारले जाईपर्यंत ठाऊक नसण्याचा हक्क असावा.