मिस्त्रीचा हात

रविवारी फजरनंतर सोलापूरच्या रस्त्यांवर गर्दी नसते, तेव्हा गाडीच्या नुसत्या आवाजावरून कोण येत आहे ते आम्हाला कळते. सात रस्त्याच्या बाजूने धक-धक ऐकू आली की बुलेटवाले साहेब. फट-फट करत, मागे निळा धूर सोडत येतात ते राजदूतवाले अण्णा. आणि आवाजाआधीच जो पोहोचतो तो आरएक्स हंड्रेडवाला, आमच्यातला धाकटा. आम्ही चौथे, अब्बांची 1983 सालची येझदी घेऊन.

हा काही क्लब नाही. वर्गणी नाही, टोप्या नाहीत. साहेब बँकेतून निवृत्त झाले आहेत, अण्णांचे टॉवेलचे दोन यंत्रमाग आहेत, धाकटा औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे, आणि आम्ही उर्दू शाळेत मास्तर. चहाच्या गाड्यावर बोलणे सुरू होते क्लचच्या वायरवरून आणि संपते गुडघेदुखीवर, कांद्याच्या भावावर, यंत्रमागाच्या वीजबिलावर, नाहीतर मुलींच्या ॲडमिशनवर. घरी विचारतात, "दोन तास काय बोलता एवढे?" आम्ही सांगतो, "गाड्यांवर." ते खरेही असते आणि नसतेही.

प्रत्येकाला आपल्या गाडीचा अभिमान आहे. साहेब सांगतात, बुलेट 1955 पासून मद्रासला तयार होऊ लागली, ती सैन्यासाठी. अण्णा म्हणतात, "सैन्य राहू द्या साहेब, 'बॉबी'त ऋषी कपूरने राजदूत चालवली होती!" तो 1973 चा चित्रपट, आणि त्यातली छोटी राजदूत अजून 'बॉबी' याच नावाने ओळखली जाते. अण्णांची मात्र साधी, मोठी राजदूत. ज्या गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून अर्ध्या महाराष्ट्राने दूध घातले, ती. मग आम्हीही मागे राहत नाही. जावा गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची. 1961 पासून ती म्हैसूरला बनू लागली. कारखाना इराणी घराण्याचा, म्हणून 1973 मध्ये गाडीला नवे नाव मिळाले ते इराणच्या यज्द शहरावरून, येझदी. 1996 मध्ये कारखान्याला कुलूप लागले. त्याच साली आरएक्स हंड्रेडचे उत्पादनही थांबले, हे धाकटा दर वेळी दुःखाने सांगतो. तो शाळेत होता तेव्हा, पण दुखवटा अजून पाळतो.

गेल्या महिन्यात ठरले, नळदुर्गला जायचे. हैदराबाद रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. किल्ल्यातला पाणीमहाल बघायचा आणि दुपारच्या आत परत. बोरामणीच्या जवळपास आमची येझदी दोनदा अडखळली आणि बंद पडली. दोष तिचा नाही, आमच्या आळसाचा. चार महिने तिला मिस्त्रीला दाखवले नव्हते.

धाकटा मदतीला धावला आणि किकच शोधत बसला. येझदीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तोच उभा केला की किक आणि पुढे पाडला की गिअर. नवख्या माणसाची तिथेच परीक्षा होते. किक सापडली, पण गाडी काही चालू झाली नाही. साहेब म्हणाले पेट्रोल. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते, जुन्या टाकीला गंज चढतो, जुने रबर फुगते. अण्णा हसले. "ऊस आपल्याच जिल्ह्याचा, इथेनॉल आपल्याच कारखान्यांचे, आणि गाडीही आपलीच बंद. तक्रार कुणाकडे करणार मास्तर?"

शेवटी एका टेम्पोत गाडी चढवून परत विजापूर वेशीकडे, मिस्त्रीचाचांच्या गॅरेजात. नळदुर्ग राहिले.

चाचांचे वय एकाहत्तर. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. त्यांनी प्लग काढला, उजेडात धरला. प्लगचे टोक बदामी असेल तर सगळे ठीक. काळे, तेलकट असेल तर पेट्रोल जास्त. पांढरे असेल तर इंजिन उपाशी आहे. आमचा प्लग बदामी होता. म्हणजे पेट्रोलचा दोष नाही. मग त्यांनी बाजूचे झाकण उघडले आणि सीबी पॉइंटवर बोट फिरवले. ठिणगी ज्या दोन बारीक टोकांच्या उघडझापीवर अवलंबून, त्यांच्यातले अंतर कागदाच्या जाडीच्या हिशोबात मोजायचे. ती टोके जळून खडबडीत झाली होती. चाचांनी कानसपट्टी घेतली, आणि तेव्हा आम्ही पाहिले की त्यांचा हात थरथरतो आहे. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरला, काम पुरे केले, एक किक मारली. गाडी बोलू लागली.

"मास्टर," चाचा हात पुसत म्हणाले, "ईद के बाद शटर बंद करतूं. उसके पहले अपने इस्कूल का एक पोट्टा दो ना मेरे कू. जो आता है वो किस कू तो दे के जाऊंगा."

पोरे त्यांच्याकडे येतात, पण टिकत नाहीत. आजच्या नव्या गाडीला मशीन जोडले की बिघाड पडद्यावर दिसतो. ते शिकायला सोपे आणि पगारही बरा. जुन्या गाडीला पडदा नाही. तिला कान लावावा लागतो.

आम्ही चौघे एकमेकांकडे पाहू लागलो. साहेबांचा मुलगा पुण्यात संगणकावर. अण्णांचा बी.कॉम. करतो, मागाजवळ येत नाही. धाकट्याची मुलगी अजून बालवाडीत. आणि आम्ही? आम्ही तर वीस वर्षे वर्गात एकच धमकी देत आलो आहोत, "अभ्यास करा, नाहीतर गॅरेजात पाने उचलावे लागतील!" त्या धमकीतले गॅरेज हेच होते, आणि पाने उचलणारा माणूस आमच्यासमोर उभा होता. ज्याच्या हातावर आमची अब्बांची आठवण चालते, त्याच्या हाताची भीती आम्ही मुलांना घालत होतो.

त्यात अब्बांचाही वाटा आहे. अब्बा गिरणीत फिटर होते. म्हणायचे, "माझ्या हाताला तेल लागले, तुझ्या हाताला खडू लागू दे." त्यांच्या तेलाच्या हातांनीच आम्हाला बीएड केले, हे आम्ही सोयीने विसरलो.

सोमवारी शाळेत आमचे लक्ष नववीच्या शेवटच्या बाकावर गेले. तिथे एक पोरगा बसतो. गणितात नापास, वाचनात अडखळतो, पण शाळेची घंटा बिघडली की शिपाई त्यालाच हाक मारतो. पंधरा वर्षांचा. संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची अम्मी विड्या वळत बसली होती. तिने सुपडे बाजूला सारले, पाणी दिले, आमचे सगळे बोलणे शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "सर, एक बात पूछूं? तुमारे बच्चे कू भेजते क्या वहां?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. तिने आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्त लागले. तिचा नवरा हमाली करता करता गेला. पोराने खुर्चीवर बसावे, एवढ्यासाठी ती रोज पाने कापते. आणि मास्तर तिच्या दारात येऊन हुनर, कारागिरी असे मोठे मोठे शब्द बोलतात. स्वतःच्या मुलाला मात्र सायन्सची शिकवणी लावतात.

घरी आलो. जेवताना सगळे सांगितले. बेगम म्हणाल्या, "बरोबरच विचारले तिने." आमचे चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांनी मान खाली घालून कढी ओरपली. ताट संपल्यावर म्हणाले, "रविवारी जाऊन बघायला काय हरकत आहे?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या घरी गेलो, या वेळी मुलाला घेऊन. करार असा ठरला. शाळा सुटणार नाही. दहावी होणारच. गॅरेजात फक्त रविवारी, दोन तास, दोन्ही पोरे बरोबर. चाचांनी कामाला लावायचे नाही, शिकवायचे. दहावीनंतर त्याला वाटले तर आयटीआय आहे. तिथून पुढे 1961 च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवारी आणि विद्यावेतन. वाटले नाही तर नाही. अम्मीने बराच वेळ विचार केला आणि मग चहा टाकला.

तीन रविवार झाले. पहिल्या दिवशी चाचांनी पान्याला हातच लावू दिला नाही. डोळे मिटून बसा, रस्त्यावरून जाईल ती गाडी ओळखा. आमचे चिरंजीव दहापैकी चार, तो पोरगा नऊ. दुसऱ्या रविवारी पेट्रोलमध्ये ऑईल मिसळणे. टू-स्ट्रोक गाडीत इंजिनाला तेल पेट्रोलबरोबरच मिळते, म्हणून प्रमाण चुकले तर पिस्टन जाम. चाचांचे माप लिटरला 40 मिली. आम्ही विचारले, "पाच लिटरला किती?" पोरगा पटकन म्हणाला, "दोनशे." "म्हणजे शेकडा किती?" "चार, सर."

शेकडेवारीच्या त्याच धड्यात आम्ही त्याच्या पेपरवर शून्य दिले होते, सहामाहीला. शून्य कुणाचे होते, यावर आम्ही त्या रात्री बराच वेळ विचार करत बसलो.

चाचांनी ईदची मुदत पुढे ढकलली आहे. किती, ते सांगत नाहीत. आमच्या चौकडीचे बोलणे आता चहाच्या गाड्याऐवजी गॅरेजाच्या फळीवर होते. अण्णा पोरांना भजी आणतात, साहेब त्यांना इंग्रजीतले मॅन्युअल वाचून दाखवतात. आणि आम्ही रोज शाळा सुटल्यावर त्या पोराला अर्धा तास गणित शिकवतो, लिटर आणि मिलीच्या भाषेत. त्याची दहावी पुढच्या वर्षी आहे. तिचा निकाल पोराइतकाच आमचाही आहे, हे त्याच्या अम्मीला आम्ही सांगून आलो आहोत.

"गॅरेजात जाशील" ही धमकी मात्र आम्ही वर्गात देणे बंद केले. तिच्या जागी दुसरी कोणती द्यावी, हे अजून सुचलेले नाही. कुणाला सुचल्यास जरूर कळवा.