जीभ फसते, रक्त फसत नाही

गेल्या महिन्यात आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. बारा वर्षांचा मधुमेह, पण पथ्यपाणी चोख. त्यामुळे एरवी आमची भेट म्हणजे तपासणी कमी आणि गप्पाच जास्त. या वेळी मात्र चेहरा ओढलेला होता. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागते, म्हणाले. उपाशीपोटीची साखर पाहिली तर २६०!

"गुरुजी, गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारले. त्यांनी खिशातून एक छोटे पाकीट काढून टेबलावर ठेवले. आत लालसर गोळ्या होत्या.

"डॉक्टर, मुलाने पाठवल्यात. आफ्रिकेतल्या चमत्कारी फळाच्या. मधुमेहाला चांगल्या म्हणे. महिना झाला, तुमच्या गोळ्या बंदच ठेवल्यात. आणि खरं सांगतो, चमत्कारच आहे. लिंबू चोखलं तर मोसंबीसारखं गोड लागतं!"

गुरुजी खोटे बोलत नव्हते. लिंबू खरोखरच गोड लागते. पण लिंबू गोड लागणे आणि मधुमेह बरा होणे यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. ही फळे, त्यांच्या गोळ्या आणि रोपे आता आपल्याकडेही विकली जातात. म्हणून या आठवड्यात त्यांच्याविषयी.

हे झुडूप मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. घाना, बेनिन, नायजेरिया, कॅमेरून या भागांतील रानात ते वाढते. नायजेरियातील योरुबा लोक त्याला 'अगबायून' म्हणतात. शास्त्रीय नाव सिनसेपॅलम डल्सिफिकम. आपला चिकू, मोह आणि बकुळ ज्या कुळातले, त्याच कुळातले हे झुडूप. फळ लालभडक, बोटाच्या पेराएवढे. आत एकच बी आणि तिच्याभोवती पातळसा गर. गर स्वतः फारसा गोड नाही. मात्र तो जिभेवर चांगला घोळवला की त्यानंतर खाल्लेला आंबट पदार्थ गोड लागतो. हा परिणाम अर्ध्या तासापासून तास-दोन तासांपर्यंत टिकतो.

तिथल्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मक्याचे आंबवलेले पीठ पानात बांधून शिजवायचे, हा घानाकडचा रोजचा पदार्थ. तो चवीला आंबट. ताडाची माडीही शिळी झाली की आंबते. असे आंबट खाण्यापिण्याआधी लोक ही फळे चघळत. डॅनियल नावाच्या इंग्रज लष्करी डॉक्टरने १८५२ साली हे सारे लिहून ठेवले. पुढे १९६८ मध्ये शास्त्रज्ञांनी फळातील नेमके द्रव्य वेगळे काढले. ते एक प्रथिन आहे. त्याला 'मिरॅक्युलिन' असे नाव मिळाले, म्हणजे नावातच चमत्कार!

हा चमत्कार घडतो कसा? आपल्या जिभेवर गोड चव ओळखणारी सूक्ष्म केंद्रे असतात. मिरॅक्युलिन त्यांना चिकटून बसते. एरवी ते काहीच करत नाही. तोंडात आंबट पदार्थ आला की मात्र ते प्रथिन त्या केंद्रांना चेतवते आणि मेंदूला 'गोड' असा निरोप जातो. लिंबात साखर आलेली नसते आणि लिंबाची आंबटाईही कुठे गेलेली नसते. बदललेला असतो तो फक्त निरोप.

असले खेळ आपल्याला नवीन नाहीत. आवळा खाऊन वर पाणी प्यायले की पाणी गोड लागते, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. मधुनाशिनी म्हणजे गुडमार, तिचा पाला चावला तर साखर वाळूसारखी बेचव लागते. या प्रत्येकाचे रसायन वेगळे आहे, पण धडा एकच आहे. चव ही जिभेची गोष्ट, साखर ही रक्ताची गोष्ट.

आता मधुमेहाकडे येऊ. या फळाची बाजू घेणारे म्हणतात, साखर न घालता गोड खाता आले तर मधुमेही माणसाचे भलेच होईल. ऐकायला हे बरोबर वाटते. बिनसाखरेचे लिंबूपाणी गोड मानून प्यायले तर तेवढी साखर वाचेल, हे मीही मान्य करतो. पण आपल्या घरात साखर जाते कुठे, ते पाहा. ती जाते चहात, दुधात, शिऱ्यात, पेढ्यात. यातले काहीही आंबट नाही. फळ खाऊन फिका चहा प्यालात तर तो फिकाच लागेल. शिवाय हे प्रथिन उष्णतेने निकामी होते, त्यामुळे फळ घालून गोड पदार्थ शिजवताही येत नाही. म्हणजे आपल्या साखरेच्या मुख्य वाटेवर हे फळ उभेच राहत नाही.

दुसरा धोका आंबटाचा. गोड लागतात म्हणून गुरुजी दिवसाला पाच-सहा लिंबे चोखत होते. जीभ फसली तरी दात आणि जठर फसत नाहीत. लिंबातील आम्ल दातांवरचे कठीण आवरण झिजवते. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांच्या छातीत जळजळ वाढते. गुरुजींचीही तीच तक्रार होती. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास तरी दात घासू नयेत.

हे फळ विषारी आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत एका कंपनीने ते बाजारात आणण्याची मोठी तयारी केली होती. १९७४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला अन्नात मिसळण्याचे द्रव्य ठरवून आणखी चाचण्या मागितल्या आणि तो उद्योग बसला. युरोपीय संघाने २०२१ मध्ये वाळवलेल्या फळाला पूरक आहार म्हणून परवानगी दिली, तीही प्रौढांसाठी, दिवसाला ०.७ ग्रॅमपर्यंत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना त्यातून वगळले आहे. कर्करोगाच्या औषधांनी ज्यांच्या तोंडाची चव जाते, त्यांना या फळाने जेवण रुचते का, हेही थोड्या रुग्णांवर पाहिले गेले आहे. तिथे कदाचित त्याचा खरा उपयोग निघेल. पण पूरक आहाराची परवानगी म्हणजे मधुमेहावरचे औषध असल्याचा दाखला नव्हे.

माझा राग फळावर नाही, ते विकताना वापरल्या जाणाऱ्या भाषेवर आहे. 'मधुमेहींसाठी वरदान' असे लिहिले की वाचणारा त्याचा अर्थ 'मधुमेहावर औषध' असाच घेतो. आपल्या देशात १९५४ पासून औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. ज्या रोगांवरील उपचाराची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली आहे, त्या यादीत मधुमेहही आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. एवढे मोठे गिऱ्हाईक समोर असताना कायदा कागदावर राहून चालणार नाही.

वाचकांना माझे सांगणे थोडक्यात असे. कोणतेही फळ, पाला वा चूर्ण सुरू करायचे असेल तर करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने कधीही बंद करू नका. आणि जीभ फसवण्यापेक्षा तिला वळण लावा. चहातली साखर दर पंधरवड्याला थोडी थोडी कमी करा. दोन-तीन महिन्यांत पूर्वीचाच चहा तुम्हाला पाकासारखा लागेल. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला सहा चमच्यांच्या आत ठेवता आली तर उत्तम म्हणते. दोन चमचे साखरेचे चार चहा झाले, की आपण आठवर पोचतो.

गुरुजींच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. परवा उपाशीपोटीची साखर १३५ आली. निघताना त्यांनी हळूच विचारले, "मुलगा म्हणतो, त्या झाडाचं रोप पाठवतो. लावू का?"

"अवश्य लावा," मी म्हटले. "पण त्याला आम्लधर्मी माती लागते, आपल्या काळ्या जमिनीत ते रुजायचं नाही. कुंडीत लावा आणि वाढायला वेळ द्या. फळं आली की नातवंडांना लिंबू गोड लागायची गंमत दाखवा. आणि त्याच वेळी त्यांच्यासमोर तुमची गोळी घ्या."