लहान बशी, ठरलेला भाव

'सुशी' हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईतील एखादे पंचतारांकित हॉटेल उभे राहते. कच्चा मासा, गार भात आणि हजारांच्या घरातले बिल! पण ही समजूत इतिहासाला धरून नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोकियोत, सुशी हे रस्त्यावरच्या टपरीवरचे खाणे होते. व्हिनेगर लावलेल्या भाताचा मुटका, त्यावर समोरच्या खाडीतल्या माशाचा तुकडा. उभ्याउभ्या दोन-चार घास घेऊन माणूस आपल्या कामाला लागे. ज्या तूना माशाच्या पोटाकडच्या चरबीदार तुकड्याला आज सोन्याचा भाव येतो, त्याला त्या काळी कुणी विचारीतही नसे.

पुढे सुशी महाग झाली, कारागिराच्या दुकानात जाऊन बसली. तिला पुन्हा सामान्यांच्या आवाक्यात आणले ते योशिआकी शिराइशी ह्या खानावळवाल्याने. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्याला कल्पना सुचली आणि १९५८ साली ओसाकाजवळ त्याने गिऱ्हाइकांपुढून सुशीच्या बश्या फिरवणारे दुकान थाटले. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनानंतर अशी दुकाने जपानभर पसरली.

माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त तोकियोच्या निशी-कसाई भागात राहतो. तिथे आपली मराठी कुटुंबेही आहेत. त्याने मला अशा दुकानाची रीत समजावून सांगितली. एका बशीत दोन नग. बशीच्या रंगावरून किंमत कळते. खिशाला परवडेल तितक्या बश्या उचलाव्यात, शेवटी चळत मोजली की बिल तयार. साध्या बशीचा भाव कितीतरी वर्षे शंभर येन होता; २०२२ साली मोठ्या दुकानांनी तो थोडा वाढवला. कॉलेजचा विद्यार्थी आणि कचेरीतला साहेब तिथे शेजारी शेजारी बसतात. विद्यार्थी चार बश्यांवर उठतो, साहेब बारा बश्यांवर. पण भाव विचारताना विद्यार्थ्याला मान खाली घालावी लागत नाही.

मित्रहो, आता आपल्या ओरोसकडे पाहा. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि ही नगरी जिल्ह्याचे ठाणे म्हणून वसली. दोडामार्गापासून वैभववाडीपर्यंतची माणसे कागदपत्रांच्या कामासाठी इथे येतात. दुपारी ती काय खातात? वडापाव, नाहीतर उसळपाव. आपण विद्यार्थीही तेच खातो. मालवणचा समुद्र तासाभराच्या वाटेवर, पण मासे खायचे तर पूर्ण थाळी घ्यावी लागते. पाटीवर 'सुरमई थाळी', 'पापलेट थाळी' अशी नावे असतात, भाव विचारावा तर उत्तर मिळते, "साइझ बघून!" हा भाव पर्यटकाचा खिसा पाहून ठरलेला असतो, हे सांगायला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची गरज नाही.

समुद्रात मासळी कमी झाली, असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे. रापणकरांची पिढीजात तक्रार उगाच नव्हती. म्हणून तर २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले आणि २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. पण जी मासळी मिळते तिचे तरी काय होते? पश्चिम किनाऱ्यावरची कितीतरी तारली भुकटीच्या कारखान्यात जाते. रत्नागिरीत राणी माशासारख्या मासळीचा सुरिमी नावाचा लगदा बनवून परदेशी पाठवतात. अशाच लगद्यापासून खेकड्याच्या चवीच्या कांड्या होतात आणि त्या स्वस्त सुशीच्या बशीत जाऊन बसतात. परदेशातला विद्यार्थी कोकणचा मासा स्वस्तात खातो, आणि कोकणचा विद्यार्थी वडापाव!

जपानी माणसासारखे कच्चे मासे खा, असे मी म्हणत नाही. आपल्या बांगड्याला तिरफळच हवे. पण लहान बशी आणि ठरलेला भाव, या दोन गोष्टी उचलायला काय हरकत आहे? बांगडा, तारली, पेडवे ही आपल्या आजीच्या चुलीवरची मासळी. ती हलकी, असे आपणच ठरवून टाकले आणि पाहुण्यांपुढे फक्त सुरमई मांडू लागलो. ज्या मुलाला विशीत तिखल्याची चव परवडत नाही, तो चाळिशीत आपल्या मुलांना ती कशी लावणार?

म्हणून उपाहारगृह समितीवरील प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. हंगामात आठवड्यातून दोन दिवस आपल्या कॅन्टीनमध्ये भात आणि तिखले ठेवावे. पूर्ण थाळीची सक्ती नको. भाताची एक बशी, बांगड्याच्या दोन तुकड्यांची दुसरी, सोलकढीची वाटी वेगळी. आणि प्रत्येकाचा भाव फळ्यावर खडूने, दारातूनच वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहावा. ज्याच्या खिशात थोडेच पैसे असतील त्याने एकच बशी घ्यावी, पण ताठ मानेने घ्यावी.