काळजी घेणाऱ्याला काय म्हणायचे?

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात पेशंटसोबत राहणाऱ्या माणसाला नावे बरीच असतात. केसपेपरवर तो ‘नातेवाईक’, पासवर ‘सोबतची व्यक्ती’ आणि वॉर्डबॉयच्या तोंडी ‘सात नंबरवाला’. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवणारी, नाकातल्या नळीतून पेज भरवणारी बाई डॉक्टरांनी विचारले की ‘मी सून’ एवढेच सांगते. सून हे नाते झाले. ती जे काम करते, त्या कामाला मराठीत नाव नव्हते.

पूर्वी ते लागलेही नसावे. घरात माणसे जास्त होती आणि आजारी माणूस आजच्याइतकी वर्षे काढत नसे. डिमेन्शिया झालेल्या वडिलांना आठ-दहा वर्षे सांभाळणे, डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या करणे, हा अनुभव अलीकडचा. ‘सेवा’ हा शब्द होता, पण सेवेला पुण्य चिकटलेले आहे आणि पुण्य करणाऱ्याला दमायची मुभा नसते. ‘केअरटेकर’ म्हणावे, तर फार्महाऊसचा राखणदार डोळ्यांसमोर येतो.

मराठीत या जागी आलेला शब्द आहे ‘शुभंकर’ आणि आजारी व्यक्तीसाठी त्याला जोडून ‘शुभार्थी’. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि पार्किन्सन्स मित्रमंडळ यांच्या गटांत हे दोन्ही शब्द रोजच्या बोलण्यात रुळले आहेत. ‘मनोरुग्ण’ म्हटले की माणूस आजारापुरताच उरतो. ‘शुभार्थी’ म्हणजे स्वतःचे भले इच्छिणारा. त्याच्या वाट्याला इच्छा येते, हा फरक लहान नाही.

नावाने काय होते, हे जपानमध्ये मोजले गेले आहे. स्किझोफ्रेनियाचे तिथले जुने नाव ‘मन दुभंगण्याचा आजार’ अशा अर्थाचे होते. आपल्या ‘छिन्नमनस्कता’चेच भावंड. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या महासंघाने 1993मध्ये ते बदलण्याची मागणी केली. 2002मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘मनाचा मेळ बिघडणे’ या अर्थाचे नवे नाव स्वीकारले. त्या वर्षी सुमारे 37 टक्के रुग्णांनाच आपल्या आजाराचे निदान सांगितले जात होते. दोन वर्षांत हे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांवर गेले. डॉक्टरांना उच्चारता येईल असा शब्द मिळाला होता.

अर्थात, शब्द घडवून सोडून दिला की काम झाले असे नाही. करोनाच्या काळात ‘विलगीकरण’ आणि ‘अलगीकरण’ हे दोन शब्द आले. एक आजारी माणसासाठी, दुसरा नुसत्या संपर्कात आलेल्यासाठी. कोणता कोणासाठी, हे शेवटपर्यंत नीट कोणी सांगितले नाही, आणि बातम्यांतही ते एकमेकांच्या जागी छापले गेले. उलट ‘टाळेबंदी’ हा मालक-कामगारांच्या भांडणातला जुना गिरणगावी शब्द नवा अर्थ घेऊन एका आठवड्यात घरोघरी पोचला.

‘शुभंकर’ची अडचण वेगळी आहे. एक तर क्रीडा स्पर्धांतल्या वाघ-हत्तींच्या बोधचिन्हालाही मराठीत शुभंकरच म्हणतात. शब्द पुल्लिंगी, आणि हे काम करणाऱ्या बहुतांशी बाया. पण खरी अडचण त्याच्या मंगलपणात आहे. रात्री तीन वाजता चौथ्यांदा चादर बदलताना जो संताप येतो, ‘यातून सुटका कधी’ हा जो विचार मनात येतो आणि लगेच दाबला जातो, तो शुभंकराने बोलून कसा दाखवायचा? गोड नाव कधी कधी तोंड बंद करते. म्हणून नावाबरोबर व्याख्या हवी, आणि व्याख्येत थकवा हवा.

हा थकवा मोजण्याची साधने आहेत. अमेरिकेत झरिट यांनी तयार केलेली 22 प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. स्वतःसाठी वेळ उरतो का, तब्येत बिघडली आहे का, पेशंटचा राग येतो का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. ते विचारायला फार तर अर्धा तास लागतो. आपल्या ओपीडीत पेशंटचा रक्तदाब घेतला जातो. शेजारी उभ्या असलेल्या, पाच वर्षांत स्वतःची साखर न तपासलेल्या पन्नाशीच्या बाईचा नाही. तिच्या नावाचा केसपेपरच काढलेला नसतो.

कायद्यात व्याख्या आहे. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्णासोबत राहून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी पार पाडणारी व्यक्ती, मग ती नातेवाईक असो वा अन्य कोणी, विनामूल्य करो वा मोबदला घेऊन, काळजीवाहक ठरते. यातला शेवटचा भाग मराठी घरांना पचायला जड जातो. ब्युरोतून आलेली, बारा तासांची पाळी करणारी मावशी शुभंकर म्हणायची का? पैसे घेते म्हणून तिला त्यातून वगळले जाते. साठ-सत्तर किलोच्या माणसाला उचलून तिचीही कंबर जाते, आणि महिन्याभराने ब्युरो दुसरी मावशी पाठवतो.