मुलगी विमान चालवते… पण पाण्यावरचं नव्हे!

‘तुमची मुलगी समुद्रावर विमान उतरवते ना हो?’

के. आर. पुरमच्या बाजारात मावशी भाजी घ्यायला गेली, की हा प्रश्न हमखास येतो. कधी कन्नडमध्ये, कधी तमिळमध्ये, तर कधी मोडक्यातोडक्या हिंदीत. मावशी नुसती मान डोलावते. खरं काय ते समजावत बसलं तर भेंडी निवडायची राहून जाते, असं तिचं म्हणणं!

तर खरं काय ते आपण बघू. मावशीची मुलगी (घरात तिला आता सगळे ‘पायलटबाई’च म्हणतात) मालदीवमध्ये वैमानिक आहे. पण तिचं विमान चाकांवर चालतं आणि चांगल्या डांबरी धावपट्टीवर उतरतं. कॅलेंडरवर दिसतं ते निळ्या पाण्यावर तरंगणारं विमान तिनं आजवर एकदाही चालवलेलं नाही. गेल्या महिन्यात बंगळूरला गेले होते, तेव्हा मेट्रोनं के. आर. पुराला उतरून, झुलत्या पुलाखालच्या वाहनांच्या गर्दीतून वाट काढत मावशीकडे पोचले आणि दोन दिवस राहिले. पायलटबाई नेमकी सुट्टीवर आलेली. तिनं सांगितलं आणि काकांनी मधेमधे दुरुस्त केलं, त्यातलं थोडं इथं सांगते. कारण घराघरांत आज कुणी ना कुणी मुलगा-मुलगी ‘मला पायलट व्हायचंय’ म्हणत असते आणि आईबाप पहिला प्रश्न विचारतात : पगार किती?

काका मूळचे बेळगावचे. दूरवाणीनगरच्या आयटीआयमध्ये म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये आयुष्य गेलं. १९४८ साली सुरू झालेला हा कारखाना. आपल्या घरातले ते काळे, जड, चकती फिरवायचे फोन आठवतात? ते इथलेच. त्या काळी बंगळूरचा विमानतळ एचएएलचा, म्हणजे घरापासून फार लांब नव्हे. २००८ च्या मे महिन्यात देवनहळ्ळीला नवा विमानतळ सुरू झाला, तोवर पोरगी रोज गच्चीत उभी राहून खाली उतरणारी विमानं मोजायची. खूळ लागलं ते तिथंच!

खुळाची किंमत मात्र मोठी. विमान उडवायच्या व्यावसायिक परवान्याला आपल्याकडे दोनशे तासांचं उड्डाण लागतं, आणि त्या दोनशे तासांपायी चाळीस-पन्नास लाख सहज जातात. त्यानंतर एका ठरावीक जातीचं विमान चालवायचं वेगळं शिक्षण, त्याला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात, त्याचे पैसे पुन्हा निराळे. काकांचा निवृत्तीचा फंड गेला, वर बँकेचं कर्ज झालं. २०१८ मध्ये परवाना हातात आला, आणि १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली. हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक नोकरी शोधत फिरताहेत, तिथं दोनशे तासांच्या पोरीला कोण विचारतो? तेवढ्यात २०२० ची महामारी आली आणि विमानंच जमिनीवर बसली. हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. दमानिया, ईस्ट वेस्ट, मोदीलुफ्त, पुढं २०१२ मध्ये किंगफिशर… या धंद्यात भरती-ओहोटी आहेच. आईबापांना नेमकी भरतीच्या वेळची जाहिरात दिसते.

त्या काळात एका दलालाचा फोन आला. ‘बेटांवर सी-प्लेनची नोकरी, हमखास, फक्त अमुक लाख आधी भरा.’ सोबत फोटो : पांढरा शर्ट, काळा गॉगल आणि पाय अनवाणी! मावशी तर बघतच राहिली.

फोटो खोटा नव्हता. मालदीवमधले सी-प्लेनचे वैमानिक खरंच अनवाणी विमान चालवतात. सुमारे बाराशे बेटांचा हा देश, त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती. पर्यटकांची बेटं निराळी. तिथं धावपट्टी कुठून आणणार? म्हणून पाण्यावर उतरणारी ‘ट्विन ऑटर’ नावाची कॅनेडियन बनावटीची विमानं. माले इथल्या एकाच कंपनीकडे अशी पन्नासहून अधिक आहेत. या विमानाला पाण्यात ब्रेक नसतो. इंजिन सुरू झालं की ते चालू लागलंच! वारा कुठून येतोय, लाट केवढी, पाण्याचा रंग कुठं फिकट झालाय, म्हणजे खाली प्रवाळ कुठं आहे, हे सगळं डोळ्यांनी जोखायचं. म्हणून ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. पायलटबाईनं एक गोष्ट सांगितली ती मला भारी वाटली. खवळलेला समुद्र वाईट हे कुणीही सांगेल, पण अगदी आरशासारखं शांत पाणीही वैमानिकाला फार अवघड. लाटच नाही, तर आपण पाण्याच्या किती वर आहोत हे डोळ्यांना कळतच नाही. मग नाक ठरावीक कोनात धरायचं, अगदी हळूहळू खाली यायचं आणि पाणी आपण होऊन टेकेल तेव्हा टेकेल.

आता असं विमान चालवायला माणूस कसा हवा? पाण्यावरचा अनुभव असलेला. तो आपल्याकडे मिळणार कुठं? २०१० च्या अखेरीस अंदमानात ‘जल हंस’ नावाची सेवा निघाली, ती टिकली नाही. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया असं सी-प्लेन मोठ्या थाटात सुरू झालं. त्यासाठी विमानच मुळी मालदीवहून आणलेलं! पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तेही थांबलं. शिवाय मालदीवच्या कंपन्यांनी को-पायलटच्या जागेवर आपल्या देशातली पोरं आधी घ्यावीत, हेही साहजिकच. तेव्हा ज्या नोकरीचा फोटो दलाल दाखवत होता, ती नोकरी दोनशे तासांच्या भारतीय मुलीला मिळणं जवळपास अशक्य. काकांनी पैसे भरले नाहीत. फोटो बघून नव्हे. ‘पैसे घेऊन नोकरी देतो म्हणणारा माणूस कंपनीचा नसतो’ एवढ्या साध्या हिशेबानं.

मग खरीखुरी संधी आली ती २०२२ मध्ये, आणि ती एटीआर विमानाची. दोन पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं, चाकांवरचं विमान. बेटाबेटांवरच्या छोट्या विमानतळांना जोडणारं. या वेळी अडून बसले ते काकाच.

कारण होतं २९ ऑक्टोबर २०१८. त्या सकाळी इंडोनेशियात जकार्ताहून निघालेलं लायन एअरचं विमान तेरा मिनिटांत जावाच्या समुद्रात कोसळलं. आतले सगळे १८९ जण गेले. कॅप्टन होते दिल्लीचे भव्य सुनेजा, वय अवघं ३१. आपल्यासारख्याच घरातला मुलगा, बेटांच्या देशात नोकरीला गेलेला, आणि दिवाळी आठवड्यावर आलेली. पायलटबाईचा परवाना तेव्हा नुकताच हाती पडला होता. मावशीनं दोन दिवस टीव्ही लावू दिला नाही.

काकांनी मात्र त्यावर सापडेल ते सगळं वाचून काढलं. त्या बोइंग ७३७ मॅक्स विमानात एक नवी यंत्रणा बसवली होती. ती विमानाचं नाक आपोआप खाली दाबायची, आणि तेही एकाच सेन्सरच्या सांगण्यावरून! सेन्सर चुकला, यंत्रणा नाक दाबत राहिली. काकांचं डोकं फिरलं ते इथं. ‘आम्ही टेलिफोन एक्स्चेंजला वीज देताना एक सोय बंद पडली तर दुसरी तयार ठेवत होतो, आणि तिथं तर नुसती बोलणी तुटली असती!’ त्याहून त्यांना लागलं ते निराळंच. ही यंत्रणा विमानात आहे, हे वैमानिकांच्या माहितीपुस्तकात लिहिलेलंच नव्हतं. १० मार्च २०१९ ला इथिओपियात तसंच दुसरं विमान पडलं, आणखी १५७ माणसं गेली, तेव्हा कुठं जगभर ती विमानं उभी करून ठेवली.

त्यामुळे पोरीनं एटीआरचं पत्र पुढं ठेवलं तेव्हा काकांनी पगार विचारलाच नाही.

‘तुझ्या विमानात काय काय आहे, ते सगळं तुला सांगितलंय का?’

‘बाबा, शिकताना पुस्तकात असतं ते सगळं सांगतात.’

‘ते त्या मुलालाही सांगितलं होतं. पुस्तकात नसलेलं कुणाला विचारायचं, ते ठरवून ये.’

पोरगी चिडली. तीन दिवस बापलेकीत अबोला. मग तिनं ओळखी काढून आधीच त्या कंपनीत असलेल्या तिघा वैमानिकांना फोन केले. बिघाड लिहून ठेवला तर कंपनी रागावते का? हवा वाईट आहे म्हणून उड्डाणाला नकार दिला तर पुढं काय होतं? तिघांची उत्तरं वहीत लिहून काकांसमोर ठेवली. काकांनी ती वाचली आणि सही केली, म्हणजे कर्जाच्या पुढच्या हप्त्यावर! मला विचाराल तर इतकी शहाणी चौकशी आपण लग्न ठरवतानाही करत नाही.

बॅग भरतानाची एक गंमत. मावशीनं कपड्यांच्या घडीत छोटा पितळी गणपती ठेवला होता. पायलटबाईनं तो हळूच काढून पुन्हा देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. मालदीवमध्ये पूजेसाठी मूर्ती आणायला बंदी आहे, कस्टम्सच्या यादीतच ते लिहिलेलं असतं. मावशी रुसली. पण ज्या देशात पोटासाठी जायचं, त्याचे नियम आधी वाचून जायचे, हे पोरीचं बरोबरच.

तिचे प्रवासी कोण? मला वाटायचं, मधुचंद्राची जोडपी. असतातही. पण पुष्कळसे तिथलेच लोक : मालेच्या हॉस्पिटलला निघालेली म्हातारी, कॉलेजची पोरं, सुक्या मासळीचे डबे घेतलेले मामा-काका. पार दक्षिणेला गान नावाचं बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथं धावपट्टी बांधली. मालेहून तिथं जाताना विषुववृत्त ओलांडावं लागतं. ‘आई, आज परत एकदा खालच्या अर्ध्या गोलात जाऊन आले,’ असा तिचा निरोप येतो. छोट्या बेटाची धावपट्टी म्हणजे या टोकाला समुद्र, त्या टोकाला समुद्र. जून-जुलैत नैऋत्येचा पाऊस अचानक समोर पडद्यासारखा येतो. उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाण्यापुरतं इंधन आधीच बरोबर हवं. आजूबाजूला शेत नाही, रस्ता नाही.

पैशाचं सांगते. पगार डॉलरांत की तिथल्या रुफियांत, हे करारात लिहून घ्यायचंच. रुफिया घरी पाठवणं सोपं नसतं. पायलटबाई मालेजवळ समुद्रात भराव घालून वसवलेल्या हुळुमालेत दोघींत एक घर घेऊन राहते, आणि भाडं ऐकून मावशीनं कपाळाला हात लावला. आणखी एक, आपल्या डीजीसीएचा परवाना जिवंत ठेवायचा. दरवर्षीची वैद्यकीय तपासणी चुकवायची नाही आणि उडवलेल्या प्रत्येक तासाची नोंद कंपनीकडून पक्की करून घ्यायची. तिचे आता दीड हजार तास ओलांडले आहेत, आणि कॅप्टनच्या परवान्याला आपल्याकडे निदान तेवढे तास लागतातच. एटीआर भारतातही उडतं, त्यामुळे ते तास इथं कामाला येणारे. पाण्यावरच्या तासांना इथं गिऱ्हाईक कुठलं? भाजीबाजाराला हे कोण सांगणार!

२०२४ च्या जानेवारीत भारत-मालदीव यांच्यात वाजलं, आपल्याकडे ‘मालदीवला जाऊ नका’ सुरू झालं, तेव्हा मावशीनं रोज फोन करून ‘परत ये’ म्हटलं. पोरगी म्हणाली, ‘इथं कुणी काही बोललेलं नाही गं. उलट बेटावरच्या एका आजींनी विचारलं, तुझी आई काळजी करत असेल ना?’

मी निघाले त्या सकाळी ती वैद्यकीय तपासणीला गेली होती. नव्या कराराचा कागद जेवणाच्या टेबलावर होता, आणि काका चष्मा लावून दुसरं पान वाचत होते. समासात पेन्सिलीनं चार प्रश्न लिहिलेले. पगाराचं पान अजून उलटायचं होतं.