बालवाडीतील वाचनाचा बाजार

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंची नात चार वर्षांची आहे. मागल्या वर्षापर्यंत ती गल्लीच्या टोकाच्या अंगणवाडीत जात असे. बाईंनी तिचे नाव तेथून काढले आणि एका खाजगी इंग्रजी शिशुवर्गात घातले. फी वर्षाला चोवीस हजार. ती भागवण्यासाठी त्यांनी आणखी दोन घरची कामे धरली. ‘‘तिथं वाचायला शिकवतात, सर. अंगणवाडीत नुसती गाणी म्हणतात,’’ हे त्यांचे कारण.

मुलीचे पुस्तक मी पाहिले. ‘ए फॉर ॲपल’ ती खणखणीत वाचत होती. चित्रावर मी हात ठेवला आणि ती थांबली. घरी कोणी न बोलणाऱ्या भाषेतली सव्वीस अक्षरे आणि त्यांना चिकटवलेले सव्वीस शब्द, एवढा हा माल. गिरवण्याचा गृहपाठ रोज दोन पाने. जिच्या बोटांना अजून परकराची नाडी बांधता येत नाही, तिच्या हाती पेन्सिल!

बाईंना मी मूर्ख म्हणणार नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवल्यावर एवढे कळते की, माणूस जेव्हा पोटाला चिमटा घेऊन एखादी वस्तू विकत घेतो, तेव्हा त्या वस्तूपेक्षा त्याच्या भयाची चौकशी आधी करावी. रेशनच्या रांगेत एकाने पहाटे पाचला पिशवी ठेवली की दुसरा चारला ठेवतो. अखेर सारी चाळ रात्रभर जागते, साखर मात्र तेवढीच राहते. चांगल्या शाळांतील जागा मूठभर आहेत तोवर चार वर्षांच्या मुलाचे वाचन म्हणजे रांगेत ठेवलेली पिशवी होय. प्रवेशासाठी मुलाची अगर पालकांची चाळणी लावण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली. पण भय कायद्याने जात नाही, आणि भयावर धंदा करणाऱ्यांना हे आपल्याहून अधिक ठाऊक आहे.

येथे एक आक्षेप येईल व तो वाजवी आहे. मुले लवकर वाचू लागली तर बिघडले कोठे? रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत १९०७ साली मारिया माँटेसरींनी बालगृह काढले, तेथे चार-पाच वर्षांची मुले आपणहून लिहू-वाचू लागलीच ना? होय, लागली. परंतु त्याआधी त्यांच्या हातांनी खरखरीत कागदाची अक्षरे चाचपली होती, आणि ती अक्षरे त्यांच्या स्वतःच्या भाषेची होती. घाई मुलांची होती, संस्थाचालकांची नव्हती. वाचन म्हणजे ऐकलेल्या, बोललेल्या भाषेची खुणांतून पटलेली ओळख. ज्या भाषेत मुलाने कधी भांडण केले नाही, गोष्ट ऐकली नाही, तिची ओळख पटणार कशी? म्हणून ‘नुसती गाणी’ हीच वाचनाची पूर्वतयारी असते. फिनलंडमध्ये शाळेची सक्ती सातव्या वर्षापर्यंत नसते. तेथली माणसे निरक्षर राहिल्याचे ऐकिवात नाही.

हे सारे महाराष्ट्राला परक्यांनी सांगायला नको होते. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, पाने, बिया ही साधने. आणि बोली मुलांची. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा शब्द घेतला. ताराबाईंची दृष्टी मात्र वाटेतच सांडली. (किंडरगार्टनवर प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बंदी घातली होती, तीत समाजवाद व नास्तिकता असल्याचा संशय धरून. आमच्या सरकारांना बालवाडीची अशी भीती कधीच वाटली नाही, हे आमच्या चळवळीला भूषणावह नाही.)

घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांचे शिक्षण होते. खालची मर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने हक्क सहा ते चौदा असा आखला आणि सहाच्या आतील मूल ‘प्रयत्न करू’ या आश्वासनावर सोडले. बाजार नेमका त्या मोकळ्या जागेत शिरला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणाची, खेळातून शिकण्याची भाषा केली. हक्क मात्र दिला नाही. जिने हे शिकवायचे त्या सेविकेसाठी केंद्राने २०१८ साली महिना साडेचार हजार रुपये ठरवले, राज्ये त्यात आपली भर घालतात, आणि या रकमेला वेतन न म्हणता ‘मानधन’ म्हणतात. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. तीन ते सहा वयाचे शिक्षण कायद्याने हक्काचे करा. सेविकेला शिक्षिका माना आणि वेतन द्या. प्रत्येक अंगणवाडीत मुलांच्या बोलीतली गोष्टीची पुस्तके ठेवा. आणि सहा वर्षांखालील मुलाला लेखी गृहपाठ देणाऱ्या शिशुवर्गाची मान्यता काढा, मग तो कोणत्याही आमदाराच्या संस्थेचा असो.

गेल्या महिन्यात बाईंनी फीच्या हप्त्यासाठी दोन महिन्यांची आगाऊ उचल मागितली. मी दिली. अंगणवाडीचा विषय काढणार होतो, पण काढला नाही. आमच्या अंगणवाडीच्या सेविका त्या आठवड्यात मतदारयादीच्या कामावर होत्या आणि दाराला कुलूप होते.